नवी सॅक, जुनंच दुखणं: खांदे पुन्हा पुन्हा का भरून येतात आणि बायकांनी सॅक कशी निवडावी

तक्रार नेहमी एकाच शब्दात येते: खांदे. चिखलदऱ्याला जाऊन गाविलगड पालथा घातला, पचमढीत चौरागडाच्या पायऱ्या चढल्या किंवा नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची वाट तुडवली, की घरी आल्यावर दोन्ही खांद्यांवर लाल वळ आणि मान आखडलेली. मग पट्ट्याखाली टॉवेलची घडी ठेवली जाते, कुणी स्पंज शिवून घेतं, पुढच्या वर्षी जास्त जाड पट्ट्यांची नवी सॅक येते. दुखणं मात्र तेच. याचं कारण साधं आहे. दुखतो खांदा, पण बिघाड असतो कमरेपाशी, आणि कमरेपाशी तो येतो पाठीचं माप चुकल्यामुळे.

सॅकचं वजन पेलायचं काम कुल्ल्याच्या हाडांचं. सॅक नीट बसली असेल तर भाराचा मोठा वाटा, ढोबळमानाने ऐंशी टक्क्यांच्या आसपास, कंबरपट्ट्यातून त्या हाडांवर आणि तिथून पायांवर उतरतो. खांद्याचे पट्टे सॅक पाठीशी धरून ठेवण्यापुरते. आता पुरुषी मापाची सॅक पाच फूट एक-दोन इंचाच्या बाईच्या पाठीवर चढवून बघा. कंबरपट्टा जागेवर लावला, तर खांद्याचे पट्टे खांद्याच्याही वरून, हवेतून पुढे येतात आणि मागे फट दिसते. फट दिसली की हात आपोआप पट्टे ओढतो. पट्टे ओढले की अख्खी सॅक वर सरकते आणि कंबरपट्टा हाडांवरून निसटून पोटावर येतो. पोट मऊ, तिथे भार टिकत नाही. दहा किलो असोत की बारा, सगळे खांद्यांवर. दुखायला लागलं म्हणून पट्टे आणखी ओढले, की कंबरपट्टा आणखी वर. दिवसभर हेच चालू राहतं, आणि संध्याकाळी दोष जातो पट्ट्याच्या फोमला.

म्हणून आधी पाठ मोजायची. किती लिटरची सॅक हा प्रश्न त्यानंतरचा, आणि रंग सगळ्यात शेवटी.

पाठ मोजा, उंची नाही

शिंप्याची टेप घ्या आणि मदतीला कुणीतरी घ्या. स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही. अंगात पातळ टी-शर्ट असावा, केस वर बांधलेले. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक मणका ठळक वर येतो. हा मानेचा सातवा मणका. मदतनीसाने त्यावर बोट ठेवायचं, आणि बोट न हलवता तुम्ही मान पुन्हा सरळ करायची. आता दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे मागे आणि बोटं पुढे येतील. हात दाबत खाली सरकवा. बरगड्यांच्या खाली मऊ भाग लागतो आणि त्याच्या खाली हाडाची कड हाताला टेकते. ती कुल्ल्याच्या हाडाची वरची कड. दोन्ही अंगठ्यांच्या टोकांना जोडणारी आडवी रेघ पाठीवर कल्पा. मणक्यापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. टेप पाठीच्या खळग्याला चिकटवून न्यायची, हवेत ताणून धरायची नाही.

इथे हमखास एक चूक होते. ‘कंबर’ म्हटलं की बायका हात साडीचा किंवा सलवारीचा नाडा बांधतो तिथे ठेवतात. ती जागा हाडाच्या कडेपेक्षा बरीच वर असते. तिथे मोजलं तर माप तीन-चार सेंटीमीटरने कमी भरतं आणि सॅक आखूड घेतली जाते. हाताला हाड लागलंच पाहिजे. माप दोनदा घ्या. दोन मापांत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या.

आलेला आकडा लिहून ठेवा. बायकांच्या मॉडेलमध्ये साधारण ४० सेंटीमीटरपर्यंत एक्स-एस, ४१ ते ४५ एस, ४६ ते ५० एम असा हिशेब असतो, पण ही रेघ प्रत्येक कंपनी आपापल्या जागी ओढते. त्यामुळे एका कंपनीच्या ‘एस’वर विसंबून दुसऱ्या कंपनीचा ‘एस’ मागवू नका. त्या मॉडेलचा तक्ता पाहून आपला सेंटीमीटरचा आकडा त्यात शोधा. आणि उंचीवरून अंदाज तर बांधूच नका. एकाच उंचीच्या दोन बहिणींत एकीचे पाय लांब, दुसरीची पाठ लांब, असं सर्रास असतं, आणि चार-पाच सेंटीमीटरचा फरक म्हणजे अख्खी एक साइज.

दुखतं कुठे, त्यावरून काय चुकलं ते ओळखा

हातात असलेल्या सॅकचा दोष शोधायचा तर तिच्यात आठ-दहा किलो भरा. घरात वजनं नसतील तर पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या भरा. एक बाटली म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. बाटल्या तळाशी लोळू देऊ नका, चादरीत गुंडाळून पाठीच्या बाजूला उभ्या लावा. मग सगळे पट्टे पूर्ण सैल करून सॅक चढवा आणि ठरलेल्या क्रमानेच आवळा. आधी कंबरपट्टा: त्याच्या गादीचा मधला भाग हाडाच्या कडेवर यायला हवा, म्हणजे अर्धी गादी कडेच्या वर आणि अर्धी खाली. तो घट्ट झाला की खांद्याचे पट्टे खाली आणि मागे ओढायचे, फक्त अंगाला टेकेपर्यंत. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या दोन बारीक पट्ट्या, ज्यांना लोड लिफ्टर म्हणतात. सगळ्यात शेवटी छातीची पट्टी. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी खांदे आवळून मग कंबरपट्टा लावला, तर चांगली सॅकही चुकीचीच बसते. ट्रेकच्या सुरुवातीला निम्म्या बायका आणि झाडून सगळे पुरुष असंच करताना दिसतात.

आता आरशासमोर एका कुशीला वळून उभं राहा, किंवा कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. फोटो बरा, आरशात बघायला मान वळवली की सॅकही वळते.

खांद्याच्या माथ्यामागे पट्टा आणि अंग यांच्यात फट आहे, लोड लिफ्टर जवळजवळ आडवे आहेत किंवा खालीच झुकले आहेत: सॅकची पाठ लांब पडते. उलट, पट्टे खांद्यावरून पाठीवर खूप खालपर्यंत उतरून मग सॅकला जोडलेले दिसतात, लोड लिफ्टर उभे सरळ वर जातात, आणि कंबरपट्टा बेंबीच्या वर चढू बघतो: पाठ आखूड पडते. बरोबर बसलेल्या सॅकमध्ये पट्टा खांद्याला गोल लपेटून जातो, त्याचा सॅकला जोडलेला भाग मानेच्या त्या मणक्यापेक्षा दोन-तीन बोटं खाली असतो, आणि लोड लिफ्टर साधारण ४५ अंशांत तिरके दिसतात. लहान सॅकना लोड लिफ्टर नसतात. तिथे फक्त फट आणि कंबरपट्ट्याची जागा बघा.

दुसरी तपासणी आणखी खात्रीची. सगळं आवळल्यावर खांद्याचे पट्टे पुन्हा पूर्ण सैल सोडा. सॅक मागे थोडी कलंडेल, ते चालतं. पण ती कमरेवर बसून राहिली पाहिजे. धपकन खाली घसरली तर कंबरपट्टा भार घेतच नव्हता, नुसता शोभेला होता.

खांद्यांव्यतिरिक्तची लक्षणंही बरंच सांगतात. चालून अर्ध्या तासाने बोटांना मुंग्या येत असतील, तर खांद्याचे पट्टे काखेजवळच्या नसा दाबतायत. लगेच थांबून भार कमरेवर घ्या. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आला तर कंबरपट्टा फार आवळलाय किंवा खूप खाली बसलाय. सॅक उतरवल्यावरही मुंग्या वा बधिरपणा टिकून राहिला तर डॉक्टरला दाखवायचं. त्यावर पट्टे खेचत बसण्यात अर्थ नाही. माकडहाडाच्या वर एकाच जागी सोललं जात असेल तर आधी आतलं सामान बघा. दहापैकी बहुतेक वेळा पातेल्याची कड किंवा बाटलीचं बूड तिथे टोचत असतं.

डोकं वर करून चढण बघता येत नाही, मागे काहीतरी अडतं? सॅकचं झाकण तपासायच्या आधी अंबाडा तपासा. उंच बांधलेला अंबाडा झाकणावर आपटतो आणि मान पुढे काढून चालावं लागतं. रात्री मानेचा मणका ठणकतो तो त्यामुळे. वेणी घालून एका बाजूने पुढे घ्या. केस न बांधताही डोकं अडत असेल तर एकतर पाठ लांब आहे किंवा झाकणाच्या खिशात जास्त कोंबलंय.

कंबरपट्टा: सगळा खेळ इथे

बायकांच्या सॅकमध्ये खरा फरक कुठे असतो असं विचारलं तर कंबरपट्ट्यात. बाईच्या शरीराला कमरेपासून कुल्ल्यापर्यंत उतार असतो. सरळ पट्टा त्या उतारावर बसवला की खालची कड हाडात रुतते आणि वरची कड उघडी पडते. वरच्या कडेत बोटं आरामात जात असतील तर अर्धा पट्टा कामच करत नाहीये. बायकांसाठी खरोखर बनवलेल्या पट्ट्याच्या दोन बाजू बाहेरच्या अंगाला तिरक्या असतात. बकल लावून पट्टा टेबलावर उभा ठेवला तर तो वरून अरुंद, खालून रुंद दिसतो, कुंडी पालथी घातल्यासारखा.

लांबीही बघायची. दोन्ही बाजूंच्या गाद्या कुल्ल्याच्या पुढच्या टोकदार हाडांच्या पुढे आल्या पाहिजेत, पण समोर एकमेकींना भिडता कामा नयेत. मध्ये आठ ते पंधरा सेंटीमीटर नुसती पट्टी दिसावी. गाद्या भिडल्या म्हणजे आवळायला वावच उरला नाही, आणि दोन दिवसांच्या घामाने, चालण्याने कंबर थोडी उतरली की पट्टा लोंबायला लागतो. बारीक चणीच्या मुलींची अडचण नेमकी हीच: पाठीला सॅक बसते, कंबरेला मोठी. अशा वेळी कंबरपट्टा बदलता येणारं किंवा गाद्या मागेपुढे सरकवता येणारं मॉडेल शोधायचं. दुसऱ्या टोकाला, बकल जेमतेम लागतंय आणि गाद्या कुशीतच संपतायत, तर पट्टा लहान आहे. खांदे किती का आवळेना, तो हाडांना धरणार नाही.

पट्टा बरोबर असूनही घसरतो, ही वेगळी तक्रार. गुळगुळीत नायलॉनची ट्रॅकपँट हे तिचं मोठं कारण. तिच्यावर कुठलाच पट्टा ठरत नाही. आणि नाड्याची गाठ. सलवार-कुर्त्यात ट्रेक करणाऱ्या कितीतरी जणींच्या पोटावर बकलच्या बरोबर मागे नाड्याची गाठ असते. ती रुतते, म्हणून बकल सैल केलं जातं, म्हणून पट्टा खाली सरकतो, आणि भार परत खांद्यांवर. गाठ एका कुशीला घ्या किंवा त्या दिवशी इलॅस्टिकची सलवार घाला. खिशातला मोबाइल आणि किल्ल्या पट्ट्याखालून काढा. कुर्ता पट्ट्याखाली चुण्या पडू न देता खाली ओढून घ्या. एका चुणीने तीन तासांत कातडी सोलते.

चालायला लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पट्टा एकदा पुन्हा आवळा, कारण गादी दबते आणि कपडे बसतात. आणि पाळीच्या दिवसांत पोटावर दाब नको म्हणून पट्टा उघडा सोडून चालू नका. तो हाडांवर असेल तर ओटीपोटावर दाब येतच नाही. येत असेल तर तो वर चढलाय. जेवणानंतर मळमळ किंवा सतत लघवीला झाल्यासारखं वाटणं, याचंही मूळ बऱ्याचदा पोटावर चढलेल्या पट्ट्यात असतं. त्यावर पाणी कमी पिणं हा उपाय नाही, विदर्भाच्या उन्हात तर मुळीच नाही.

खांद्याचे पट्टे आणि छाती

पट्टे सरळ असतील तर ते स्तनांवरून जातात किंवा बाहेर काखेकडे सरकतात. बाहेर सरकले की बाई छातीची पट्टी आवळून त्यांना आत ओढते, आणि मग ते मानेला कापतात. बायकांच्या पट्ट्यांना इंग्रजी एस अक्षरासारखा बाक असतो. ते मानेपासून सुरू होऊन छातीला वळसा घालून काखेखाली जातात. दोन पट्ट्यांमधलं अंतरही कमी असतं, कारण खांदे अरुंद. तपासायचं असं: मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन-तीन बोटं जावीत, पट्ट्याची गादी काखेच्या खाली साधारण चार बोटं उतरलेली असावी, बकल काखेत घासत नसावं. गादी काखेतच संपली तर नायलॉनची उघडी पट्टी दंडाच्या आतल्या बाजूला घासते. घामात ते घासणं पहिल्याच दिवशी कळतं.

छातीची पट्टी वरखाली सरकणारी हवी. तिची जागा गळ्याखालच्या आडव्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, स्तनांच्या वर. ती फक्त पट्ट्यांना जागेवर ठेवते. खोल श्वास घेताना अडथळा झाला तर ती जास्त आवळली आहे. ब्राच्या पट्टीचं प्लॅस्टिकचं किंवा धातूचं कडं सॅकच्या पट्ट्याखाली आलं तर खांद्यावर नाण्याएवढा काळानिळा डाग पडतो. त्यात सॅकचा दोष नाही. कडं नसलेली स्पोर्ट्स ब्रा घाला.

दुकानात

‘ताई, सॅकमध्ये काय लेडीज-जेन्ट्स, फ्री साइज आहे, सगळ्यांना होते.’ हे वाक्य नागपूरच्या सीताबर्डी बाजारात ऐकायला मिळेल आणि मॉलमध्येही. फ्री साइज दोनच प्रकारची असते: पाठ खरोखर खालीवर सरकवता येते, किंवा मापाचा विचारच केलेला नाही. पहिली असेल तर दुकानदाराला ती सरकवून दाखवायला सांगा. ज्यांवर मापच लिहिलेलं नाही अशा सॅकना टेप लावा: खांद्याचे पट्टे सॅकच्या पाठीला जिथे जोडलेत तिथपासून कंबरपट्ट्याच्या गादीच्या मध्यापर्यंत. आलेला आकडा तुमच्या पाठीच्या आकड्याशी जुळायला हवा. दोन सेंटीमीटर इकडेतिकडे चालेल, पाच नाही.

‘लेडीज मॉडेल’ची पाटी बघून लगेच भुलू नका. काही ठिकाणी फरक फक्त जांभळ्या-गुलाबी कापडाचा असतो. पुरुषांचं तेच मॉडेल शेजारी ठेवायला सांगा आणि तीन गोष्टी बघा: पाठीची लांबी, पट्ट्यांचा बाक, कंबरपट्ट्याचा तिरकेपणा. तिन्ही सारख्या असतील तर तुम्ही रंगाचे पैसे देताय. डॉयटरच्या एस-एल मालिकेसारखी, किंवा ऑस्प्रे, ग्रेगरी, फोरक्लाझ यांची बायकांसाठी वेगळी बनवलेली मॉडेलं या तीन कसोट्यांवर तपासून बघता येतात. आणि हेही खरं की प्रत्येक बाईला लेडीज मॉडेलच लागतं असं नाही. पाठ ४८, खांदे रुंद, कंबर सरळ असेल तर पुरुषांची एम बिनदिक्कत घ्या. बारीक चणीच्या मुलालाही बायकांची सॅक उत्तम बसते, फक्त तो ती घ्यायला तयार व्हायला हवा.

सांगाडा आहे की नाही ते हाताने कळतं. रिकामी सॅक जमिनीवर उभी ठेवून तिच्या पाठीच्या वरच्या कडेवर तळहाताने दाबा. मधून दुमडली तर आत ना पट्टी, ना प्लॅस्टिकचा पत्रा. अशी सॅक पाच-सहा किलोपर्यंत ठीक. त्याहून जास्त भार ती कमरेपर्यंत पोचवूच शकत नाही, कितीही जाड कंबरपट्टा असो. कंबरेला नुसती दोन बोटं रुंदीची पट्टी असेल, गादी नसेल, तर तिचं काम सॅक हलू न देणं एवढंच.

लिटरचा प्रश्न फार लांबवायची गरज नाही. रामटेक किंवा चिखलदऱ्याच्या एका दिवसाला २० ते ३०, एका रात्रीला ३५ ते ४५, पचमढीत तीन दिवस किंवा हिमालयात स्वतःचं सामान स्वतः वाहायचं तर ५० ते ६०. ‘एकच मोठी घेऊ, सगळ्याला चालेल’ हा हिशेब महागात पडतो. ६० लिटरच्या सॅकमध्ये पाच किलो सामान तळाशी गोळा होतं आणि सॅक लोंबते. वजनाची मर्यादा मात्र पाळा: मुक्कामाच्या ट्रेकला स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत, एका दिवसाला दहा टक्क्यांच्या आसपास. ५५ किलोच्या बाईला म्हणजे ११ किलो, आणि त्यात सॅकचं स्वतःचं दीड-दोन किलो आणि तीन लिटर पाण्याचे तीन किलो धरायचे. उरतात सहा.

रिकामी सॅक चढवून ‘बसते’ म्हणणं म्हणजे बसून चपलेचं माप घेणं. दुकानात वजनाच्या पिशव्या नसतील तर तुमच्या पाण्याच्या बाटल्या आणि तिथल्याच दुसऱ्या सॅक, तंबू आत भरायला सांगा. आठ किलो तरी भरा आणि वीस मिनिटं अंगावर ठेवा. वाका, बुटाची नाडी बांधा, दोन्ही हात वर करा. जिना असेल तर उतरून बघा. चढताना गप्प बसलेली सॅक उतरताना बोलते. नागपूर सपाट, त्यामुळे घरी आणल्यावरही अपार्टमेंटचा जिना हाच खरा डोंगर. बिलावर परतीची मुदत लिहून घ्या, लेबल न काढता घरात तासभर वापरा, मगच ठरवा. ट्रेकपूर्वीची शेवटची परीक्षा रामटेकला अंबाळ्याकडून गडावर चढणाऱ्या पायऱ्यांवर घ्या, पूर्ण वजनासह. तिथे दुखलं तर एसटीने तासा-दीड तासात घरी येता येतं.

उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना कुणी ट्रेकला जात नाही, पण ऑक्टोबरच्या उन्हातही पाठ भिजते. पाठीपासून जाळी ताणून लांब ठेवलेल्या सॅकमध्ये हवा खेळते. त्याची किंमत अशी की भार पाठीपासून तीन-चार सेंटीमीटर मागे जातो आणि सॅक किंचित मागे ओढते. सात-आठ किलोपर्यंत जाळी घ्या. बारा किलो न्यायचे तर पाठीला चिकटणारी फोमची पाठच बरी, घाम पुसायला रुमाल आहेच.

नवीन घ्यायची नसेल तर

घरात भावाची किंवा नवऱ्याची सॅक आहे आणि तीच न्यायचीय. पहिल्यांदा तिची पाठ सरकते का ते बघा. पुष्कळ सॅकमध्ये खांद्याचे पट्टे वेल्क्रोवर बसवलेले असतात आणि घेतल्यापासून कुणी हलवलेले नसतात. ते नुसते ओढून सुटत नाहीत. स्टीलची फूटपट्टी किंवा प्लॅस्टिकचा पातळ फोल्डर वेल्क्रोच्या दोन थरांमध्ये वरून पूर्ण खाली सरकवा, मग पट्ट्यांची जोडपट्टी हलकेच वर किंवा खाली न्या, आणि फूटपट्टी काढून घेऊन हाताने जोरात दाबा. एकावेळी दोन सेंटीमीटरच हलवा आणि परत घालून बघा. वेल्क्रोत धूळ, केस भरले असतील तर जुन्या टूथब्रशने साफ करा, नाहीतर वजन पडल्यावर रोज अर्धा सेंटीमीटर खाली उतरेल आणि तिसऱ्या दिवशी तेच दुखणं परत येईल.

पाठ सरकत नसेल आणि सॅक लांब पडत असेल तर तिच्यावर उपाय नाही. खांद्यावर स्पंज लावल्याने फट भरते, भार तिथेच राहतो. पट्टे उसवून खाली शिवून देतो म्हणणारे भेटतील. ते करू नका. त्या जोडावर सगळा भार असतो, आणि साध्या मशीनची शिलाई कड्यावर उसवली तर खाली कोण बघायला जाणार. मात्र छातीची पट्टी नसेल तर बॅग दुरुस्तीवाल्याकडून बसवून घ्यायला हरकत नाही. पॉलिएस्टरचा जाड दोरा आणि चौकोनात फुली अशी शिलाई मागा. कंबरपट्टा थोडा मोठा असेल तर गादीच्या आतून जुन्या योगा मॅटचा एक थर शिवून घेता येतो, तोही तात्पुरता.

चालता चालता पट्टे आपोआप सैल होत असतील तर मापाला दोष देण्याआधी बकल धुवा. घामाचं मीठ आणि धूळ बकलच्या दातांत बसली की पट्टी सरकते. कोमट पाणी, सौम्य साबण, ब्रश. मग सावलीत वाळवण. सॅक वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, आणि गच्चीवरच्या उन्हात आठवडाभर विसरूही नका.

सामान भरण्यातही निम्मा त्रास मिटतो. जड वस्तू पाठीला लागून, खवाट्यांच्या मध्ये. स्लीपिंग बॅग तळाशी. हलकं बाहेरच्या बाजूला. पाण्याच्या दोन बाटल्या दोन बाजूंना, आणि एकाच बाटलीतून संपेपर्यंत पिऊ नका, नाहीतर दुपारनंतर सॅक एका कुशीला कलते आणि एकच खांदा दुखतो. एकच खांदा दुखणाऱ्यांनी आधी हे तपासावं, आणि मग दोन्ही पट्ट्यांची लोंबणारी टोकं सारख्या लांबीची आहेत का ते.

सॅक एकदा मनासारखी बसली की सगळ्या पट्ट्यांवर बकलच्या तोंडाशी नेलपॉलिशची एकेक रेघ मारून ठेवा. टी-शर्टवर एक रेघ, जॅकेटवर थोडी पुढे दुसरी. घरातलं कुणी सॅक नेऊन सगळे पट्टे ओढून परत आणलं, तरी दोन मिनिटांत तुमचं माप परत लावता येतं.